डोळ्यांची चिठ्ठी वेगळी, झोपेची वेगळी

गेल्या ऑक्टोबरमध्ये मी फॅमिली डॉक्टरांकडे गेले तेव्हा माझ्या दोन तक्रारी होत्या. संध्याकाळी सात-साडेसातनंतर डोळे चुरचुरू लागत, मधूनच पाणी येई आणि स्क्रीनवरची अक्षरे पुसट होऊन पापण्यांची उघडझाप केली की पुन्हा स्पष्ट दिसत. दुसरी तक्रार रात्रीची होती. अकराला दिवा मालवला तरी एक वाजेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नसे आणि सकाळी गजर बंद करायला हात उचलणेही जिवावर येई. दिवसा कार्यालयातले काम, संध्याकाळी घरी संगणकावर मुद्रितशोधन आणि त्यानंतर पलंगावर पडून मोबाइल, असा माझा काही वर्षांचा क्रम आहे. त्यामुळे दुखण्याचे मूळ संध्याकाळच्या त्या चार-पाच तासांत असणार, हे सांगायला कुणाची गरज नव्हती. डॉक्टरांनी सगळे ऐकून घेतले आणि दोन स्वतंत्र चिठ्ठ्या लिहून दिल्या, एक नेत्रतज्ज्ञांसाठी आणि दुसरी निद्राविकारांच्या बाह्यरुग्ण विभागासाठी. "स्क्रीन एकच असला तरी डोळ्यांचे कारण वेगळे आणि झोपेचे वेगळे. दोन्हींकडे जाऊन या," एवढेच ते म्हणाले. एका तक्रारीसाठी दोन ठिकाणी खेटे घालायचे म्हणून मी तेव्हा जरा वैतागले होते. या वाटेने जाणाऱ्यांना पुढे काय काय होते याची कल्पना असावी, म्हणून सगळे क्रमाने लिहीत आहे.

नेत्रतज्ज्ञांची वेळ दोन आठवड्यांत मिळाली. वेळ घेताना फोनवर ज्या सूचना मिळाल्या त्या फार उपयोगी होत्या आणि त्या न विचारता मिळतीलच असे नाही, म्हणून सांगते. जुना चष्मा आणि जुना नंबर लिहिलेला कागद सोबत आणावा, कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असल्यास त्या लावून येऊ नये, त्या दिवशी सकाळी डोळ्यांत कोणतेही थेंब घालू नयेत आणि बाहुल्या मोठ्या करण्याचे औषध घालावे लागले तर काही तास जवळचे धूसर दिसते व उजेड सहन होत नाही, म्हणून स्वतः वाहन चालवत येऊ नये. यात मी एका गोष्टीची भर घालीन. आपण संगणकासमोर नेहमीसारखे बसावे आणि घरातल्या कुणाकडून तरी डोळ्यांपासून स्क्रीनपर्यंतचे अंतर टेपने मोजून घ्यावे. तपासणीत हा आकडा हमखास विचारला जातो आणि अंदाजाने सांगितलेले अंतर बहुतेक वेळा चुकते.

तिथे पोहोचल्यावर आधी एक छापील प्रश्नावली भरून द्यायची होती. 'ओएसडीआय' नावाची ही प्रश्नावली कोरड्या डोळ्यांसाठी जगभर वापरली जाते. तिच्यात बारा प्रश्न असतात आणि उत्तरांवरून शून्य ते शंभर यांच्या दरम्यान एक गुणांक निघतो. प्रश्न गेल्या आठवड्याविषयी असतात: उजेड टोचला का, वाचताना त्रास झाला का, वाऱ्यात किंवा वातानुकूलित जागेत डोळे झोंबले का. प्रश्न साधे वाटले तरी घाईने खुणा करत सुटू नये, कारण पुढच्या भेटीत हीच प्रश्नावली पुन्हा भरून घेतात आणि सुधारणा झाली की नाही हे या दोन आकड्यांच्या तुलनेवरूनही ठरते.

नंबर तपासून झाल्यावर जे झाले ते मी पूर्वी कधी पाहिले नव्हते. डॉक्टरांनी नारिंगी टोकाची कागदाची एक बारीक पट्टी ओली करून खालच्या पापणीच्या आत क्षणभर टेकवली, दिव्याच्या सूक्ष्मदर्शकावर हनुवटी ठेवायला सांगितली आणि निळा प्रकाश सुरू केला. "दोन-तीनदा पापण्या मिटा. आता उघड्या ठेवा, मिटू नका." त्या रंगामुळे डोळ्यावरचा अश्रूंचा थर निळ्या प्रकाशात हिरवट चमकतो. तो जिथे फाटतो तिथे काळा ठिपका दिसतो आणि पापणी उघडल्यापासून पहिला ठिपका दिसेपर्यंतचे सेकंद मोजले जातात. दहा सेकंदांपेक्षा कमी वेळात थर फाटला तर तो अस्थिर मानतात. माझ्या डोळ्यांत तो पाचाच्या आतच फाटत होता. त्यानंतर पापणीच्या कडेला दुमडून अडकवलेली कोरडी कागदी पट्टी पाच मिनिटे ठेवून ती किती मिलिमीटर ओली होते हे पाहिले. ते माप मात्र ठीक आले. पाणी पुरेसे तयार होत होते, पण ते टिकत नव्हते.

डॉक्टरांनी समजावून सांगितलेले कारण असे. अश्रूंच्या सगळ्यात वरच्या बाजूला तेलाचा अतिशय पातळ थर असतो आणि तो खालच्या पाण्याची वाफ होऊ देत नाही. हे तेल पापण्यांच्या कडेला असलेल्या मायबोमियन ग्रंथींमधून येते आणि ते बाहेर पडायला पापणी पूर्ण मिटावी लागते. स्क्रीनकडे एकटक पाहताना आपण पापण्या कमी वेळा मिटतो, आणि मिटतो त्याही पुष्कळदा अर्ध्याच. जपानमधील त्सुबोटा आणि नाकामोरी यांनी १९९३ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये दिलेल्या नोंदींनुसार, निवांत बसलेल्या माणसाच्या पापण्या मिनिटाला सुमारे २२ वेळा मिटतात, पुस्तक वाचताना १० वेळा आणि संगणकाच्या पडद्यासमोर फक्त ७ वेळा. त्याच लेखात दुसरा मुद्दा होता तो नजरेच्या दिशेचा. पुस्तक वाचताना नजर खाली असल्याने पापणी बरीच उतरलेली असते. समोर किंवा वर असलेल्या पडद्याकडे पाहताना डोळा जास्त उघडा राहतो आणि तेवढाच जास्त सुकतो. मग डोळ्यांतून पाणी का येते, हा माझा प्रश्न होता. डोळा सुकला की टोचतो आणि टोचला की त्याला प्रतिक्रिया म्हणून पाण्याचा लोट येतो. त्या पाण्यात तेल पुरेसे नसल्याने ते ओघळून जाते आणि कोरडेपणा तसाच राहतो. एरवी स्क्रीनच्या प्रत्येक त्रासाचे खापर पडद्यातून येणाऱ्या निळ्या प्रकाशावर फोडतात, पण या सगळ्या विवेचनात त्याचा कुठेही उल्लेख नव्हता, हे मला घरी आल्यावर जाणवले.

दुसरा दोष वयाचा होता. मला चाळिशी लागली आहे, हे एका वाक्यात सांगून झाले. माझ्या बहुदृष्टी चष्म्यात जवळच्या अंतराचा भाग भिंगाच्या तळाशी आहे, त्यामुळे समोरचा पडदा वाचण्यासाठी मी नकळत हनुवटी वर करत होते. मान त्यानेच दुखत होती आणि डोळेही गरजेपेक्षा जास्त उघडे राहत होते. मोजून नेलेले अंतर इथे कामी आले. त्या एकाच अंतरासाठी, म्हणजे साधारण साठ-पासष्ट सेंटिमीटरसाठी, संगणकाचा वेगळा चष्मा लिहून दिला गेला.

खर्चाबद्दल थोडे. तपासणीचे शुल्क, अश्रूंच्या चाचण्या, थेंब आणि चष्मा हे चार वेगळे खर्च असतात. चाचण्या शुल्कात धरल्या आहेत की वेगळ्या, हे वेळ घेतानाच विचारावे आणि बिल तपशीलवार मागून घ्यावे. विमा असेल तर एकत्रित रकमेची पावती बहुतेक वेळा परत येते. चारांमध्ये सर्वांत मोठा खर्च चष्म्याचा होता आणि तो आणखी वाढवण्याची संधी चष्म्याच्या दुकानात लगेच मिळाली. काउंटरवरच्या मुलाने निळ्या लेझरचा एक छोटा टॉर्च काढला, साध्या भिंगातून कार्डावर ठिपका पाडून दाखवला आणि मग निळा प्रकाश अडवणारे 'ब्लू कट' भिंग मध्ये धरून तो ठिपका नाहीसा करून दाखवला. प्रयोग देखणा आहे, पण भिंग एका ठरावीक तरंगलांबीचा जांभळट-निळा झोत अडवते, एवढेच त्यातून सिद्ध होते. डोळ्यांची चुरचुर थांबते का, हा प्रश्न तसाच राहतो. वैद्यकीय संशोधन एकत्र करून पडताळणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात अशा चष्म्यांवरच्या १७ चाचण्या एकत्र तपासल्या होत्या. संगणकामुळे येणाऱ्या डोळ्यांच्या ताणात त्यांनी अल्प मुदतीत बहुधा फरक पडत नाही आणि झोपेबाबत ठाम काही म्हणता येत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. अमेरिकेतील नेत्रतज्ज्ञांची संघटनाही संगणकाच्या वापरासाठी असे चष्मे सुचवत नाही. मी साधी भिंगे घेतली.

घरी करायचे उपाय कंटाळवाणे होते आणि त्यांना वेळ लागला. सकाळ-संध्याकाळ पापण्यांवर कोमट शेक, सहन होईल इतपत पण साधारण चाळीस अंशांच्या आसपास, पाच ते दहा मिनिटे. फडक्याची घडी दोन मिनिटांतच निवते, त्यामुळे ती पुन्हा पुन्हा गरम पाण्यात बुडवावी लागते. नुसते ओले फडके ठेवून पडून राहिल्याने पापणीतले घट्ट झालेले तेल पातळ होत नाही. शेकानंतर पापणीच्या कडेने हलका मसाज. दिवसातून चार वेळा कृत्रिम अश्रूंचे थेंब. याहून जास्त वेळा लागले तर परिरक्षक (प्रिझर्व्हेटिव्ह) नसलेले थेंब घ्यावेत, असे डॉक्टरांनी बजावले होते, कारण बाटलीतल्या थेंबांत घातलेले परिरक्षक वारंवार डोळ्यांत गेले तर त्यानेच चुरचुर वाढू शकते. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर पेनने लिहून ठेवावी. उघडलेली बाटली साधारण महिन्याभरात टाकून द्यायची असते. याखेरीज पंख्याचा झोत तोंडावर येणार नाही अशी खुर्ची फिरवली आणि पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीच्या थोडी खाली आणली.

दर २० मिनिटांनी २० फूट, म्हणजे सुमारे सहा मीटर, दूरच्या वस्तूकडे २० सेकंद पाहावे, हा नियम बहुतेकांनी ऐकलेला असतो. जेफ्री ॲन्शेल या अमेरिकी दृष्टितज्ज्ञाने तो लक्षात ठेवायला सोपा म्हणून मांडला. त्यातल्या आकड्यांना फार धरून बसू नये, असे माझे मत झाले आहे. मुद्रितशोधन करताना दर वीस मिनिटांनी घंटा वाजली की ओळ हरवते आणि चौथ्या दिवशी माणूस घंटाच बंद करतो. मी प्रत्येक पानाच्या शेवटी नजर उचलून खिडकीबाहेर पाहण्याची आणि दोन-तीनदा पापण्या पूर्ण, दाबून नव्हे पण टेकेपर्यंत, मिटण्याची सवय लावली. ती टिकली.

डिसेंबर संपेपर्यंत चुरचुर बरीच कमी झाली आणि जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यातल्या फेरतपासणीत अश्रूंचा थर आठ-नऊ सेकंद टिकू लागल्याचे दिसले. प्रश्नावलीचा गुणांकही निम्म्यावर आला. झोप मात्र होती तिथेच होती; डोळे शांत झाल्याने ती एका मिनिटानेही लवकर आली नाही. वेगळ्या चिठ्ठीचा अर्थ मला तेव्हा पटला.

निद्राविकार विभागातली वेळ फेब्रुवारीअखेरची मिळाली होती, म्हणजे जवळजवळ चार महिन्यांची प्रतीक्षा. ती फुकट जात नाही, कारण भेटीआधी दोन आठवड्यांची झोपेची नोंदवही भरून न्यावी लागते आणि ती नसेल तर पहिल्या भेटीत फारसे काही होत नाही. तक्ता त्यांनीच पाठवला होता: अंथरुणावर कधी पडलात, दिवा कधी मालवला, अंदाजे किती वेळाने झोप लागली, मध्ये किती वेळा जाग आली, शेवटची जाग कधी, अंथरुण कधी सोडले. नोंद सकाळी उठल्यावर अंदाजाने करायची असते. रात्री घड्याळ पाहून बिनचूक आकडे लिहिण्याचा मोह टाळावा, कारण घड्याळ पाहणे हेच निद्रानाशाला खतपाणी घालते. मी त्या तक्त्यात आणखी एक रकाना स्वतः आखला होता, शेवटच्या तासात स्क्रीनवर नेमके काय केले याचा. पुढे डॉक्टरांनी सर्वांत जास्त वेळ त्याच रकान्यावर घालवला.

भेटीत आधी 'एपवर्थ' मापनपट्टी भरून घेतली. वाचताना, प्रवासात, जेवणानंतर बसल्या बसल्या डुलकी लागण्याची शक्यता किती, अशा आठ प्रश्नांना शून्य ते तीन गुण द्यायचे असतात आणि बेरीज दहाच्या वर गेली तर दिवसाची झोपाळूपणाची पातळी जास्त मानतात. मग घोरणे, श्वास अडकून जाग येणे, पायांत अस्वस्थता, चालू औषधे याविषयीची चौकशी झाली. रात्रभर तारा लावून करायची तपासणी आपली होणार, असे मी धरून चालले होते. ती लागली नाही. निद्रानाशाचे निदान मुख्यतः हकिकत आणि नोंदवही यांवरून होते. त्या तपासणीचा उपयोग झोपेत श्वास थांबण्याचा विकार किंवा तसेच दुसरे काही संशयास्पद असेल तर होतो.

प्रकाशाचा विषय इथे निघाला. दृष्टिपटलात दिसण्यासाठीच्या पेशींखेरीज थोड्या अशा पेशी असतात ज्या स्वतःच प्रकाश ओळखून मेंदूतल्या जैविक घड्याळाला दिवस-रात्रीची खबर देतात. डेव्हिड बर्सन हे अमेरिकी संशोधक आणि त्यांचे सहकारी यांनी या पेशींचे हे काम २००२ साली दाखवून दिले. या पेशींमधले मेलानॉप्सिन हे रंगद्रव्य सुमारे ४८० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देते आणि संध्याकाळी या पेशींवर उजेड पडत राहिला की मेंदूतल्या पिनिअल ग्रंथीतून पाझरणारे मेलाटोनिन, म्हणजे रात्र झाल्याची खूण देणारे संप्रेरक, उशिरा वाढते. निळ्या प्रकाशाची सगळी चर्चा इथून सुरू होते. पण या परिणामाचे माप किती, हे डॉक्टरांनी एका उदाहरणाने दाखवले. बोस्टनमधील संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १२ जणांनी झोपण्यापूर्वी सुमारे चार तास, लागोपाठ पाच रात्री, मंद उजेडाच्या खोलीत पूर्ण तेजावर ठेवलेल्या उपकरणावर वाचन केले आणि तितक्याच रात्री छापील पुस्तक वाचले. उपकरणावर वाचताना मेलाटोनिनचे चक्र साधारण दीड तास उशिराकडे सरकले, पण झोप लागायला छापील पुस्तकापेक्षा सरासरी दहाच मिनिटे जास्त लागली. उलट, २०१६ साली स्वीडनमधील उप्साला येथे दिवसभर भरपूर उजेडात बसवलेल्या लोकांवर संध्याकाळी दोन तास टॅब्लेट वाचण्याचा असा परिणाम दिसलाच नाही. "तुमचे दोन तास जातात. त्यातली थोडी मिनिटे उजेडाची असतील. बाकीच्यांचे काय?" हा डॉक्टरांचा प्रश्न होता.

तरीही उजेडाचा हिशेब मी घरी करून पाहिला. २०२२ साली तज्ज्ञांच्या एका गटाने या पेशींच्या संवेदनशीलतेनुसार मोजलेल्या प्रकाशाच्या मर्यादा सुचवल्या आहेत: दिवसा डोळ्यांपाशी किमान २५० लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक), झोपेआधीचे तीन तास जास्तीत जास्त १० आणि झोपेत १. मोबाइलवरचे लक्समापक ॲप हा प्रकाश त्या पद्धतीने मोजत नाही, त्यामुळे तुलना ढोबळच. पण ते डोळ्यांच्या उंचीवर धरून पाहिल्यावर असे दिसले की माझ्या खोलीतला छताचा पांढरा दिवा एकटाच शंभराच्या वर आकडा दाखवतो, आणि संगणकाच्या पडद्याचे तेज खाली आणून छताचा दिवा बंद केला तर आकडा दहा-पंधराच्या आसपास येतो. पडद्याचे रंग पिवळसर करणारी 'नाइट मोड'ची सोय वापरून छताखाली झळझळीत दिवा तसाच ठेवणे, यात फारसा अर्थ नाही. मी नऊनंतर कोपऱ्यातला एक पिवळा दिवा लावू लागले आणि सकाळी अर्धा तास बाहेर चालायला जाऊ लागले.

उरलेल्या वेळेचे उत्तर त्या जादा रकान्यात होते. ज्या रात्री मी शेवटच्या तासात कामाचे मेल पाहिले होते किंवा मजकुरातली एखादी शंका घेऊन कुणाला संदेश पाठवून उत्तराची वाट पाहिली होती, त्या रात्री झोप सर्वांत उशिरा लागली होती. त्याच पडद्यावर जुने, माहितीतले काही वाचले होते त्या रात्री ती त्यामानाने लवकर लागली होती. शिवाय साधा वेळेचा हिशेबही होता: अकराला झोपायचे ठरवून मोबाइल बाजूला ठेवेपर्यंत बारा वाजलेले असत.

उपचार गोळ्यांचा नव्हता. निद्रानाशासाठीची वर्तनोपचार पद्धती, जिला प्रथम पसंतीचा उपचार मानतात, ती सुरू झाली. तिची दोन अंगे जड जातात. पहिले म्हणजे अंथरुणातला वेळ तात्पुरता कमी करणे. नोंदवहीनुसार मी आठ तास पडून राहत होते आणि जेमतेम सहा तास झोपत होते, म्हणून साडेबाराआधी पलंगावर जायचे नाही आणि साडेसहाला उठायचेच, असे ठरले. झोपेची कार्यक्षमता, म्हणजे पडून राहिलेल्या वेळातला झोपेचा वाटा, ८५ टक्क्यांच्या वर गेली की ही वेळ थोडी थोडी अलीकडे आणायची. दुसरे म्हणजे पलंग फक्त झोपेसाठी. झोप येत नसेल तर उठून दुसऱ्या खोलीत जायचे आणि पेंगायला लागल्यावरच परत यायचे. मोबाइल चार्जिंगला बाहेरच्या खोलीत, गजरासाठी साधे घड्याळ. पहिले दोन-तीन आठवडे फार वाईट गेले. दुपारी डोके जड, चिडचिड, छापलेल्या पानात चुका राहून जाणे. या काळात लांबचे वाहन चालवू नये असे बजावलेले होतेच. अपस्मार (फेफरे), द्विध्रुवी (बायपोलर) विकार किंवा रात्रपाळीची जोखमीची कामे असणाऱ्यांनी झोप कमी करण्याचा हा भाग स्वतःच्या मनाने मुळीच करू नये.

साडेबारापर्यंत जागायचे आणि स्क्रीनही पाहायचा नाही, हे जमणार कसे, असे मी विचारले होते. त्यावर पूर्ण बंदीचा आग्रह झाला नाही. दहानंतर काम नाही, मेल नाही, उत्तराची वाट पाहावी लागेल असे काही नाही. खुर्चीत बसून, मंद तेजावर, शेवट असलेले काही पाहायला हरकत नाही. एकामागून एक आपोआप सुरू होणाऱ्या चित्रफितींची सोय मात्र बंद करायला लावली.

एप्रिलमध्ये झोपण्याची वेळ साडेअकरापर्यंत आली आणि दिवा मालवल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत झोप लागू लागली. काम अंगावर आले की अजूनही एखादी रात्र बिघडते; दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी उठले की गाडी रुळावर येते. थेंब आता गरज पडली तरच, शेक रोज एकदा. नेत्रतज्ज्ञांनी पुढची तपासणी वर्षाने ठेवली आहे. एका डोळ्यात जोराची वेदना, अचानक अंधूक दिसणे, विजेसारखे चमकणे किंवा काळ्या ठिपक्यांचा अचानक वर्षाव झाला तर मात्र त्याच दिवशी यायचे, कोरडेपणा समजून थेंब घालत बसायचे नाही. निद्राविकार विभागाने मेमध्ये माझी फाइल बंद केली. सहा महिन्यांत त्रास उलटला तर नवी चिठ्ठी न आणता फोनवर वेळ मिळते आणि तेव्हाही दोन आठवड्यांची नोंदवही लागते, म्हणून कोऱ्या तक्त्याच्या काही प्रती मी काढून ठेवल्या आहेत.